भवानीचं गिऱ्हाईक

आमच्या गल्लीत सकाळचा पहिला वाडगा कुणालाही देत नाहीत. भुकेने कळवळलेला माणूस समोर बसलेला असला, तरी त्याच्या पायगुणाची खात्री नसेल तर त्याला सांगतात, "बसा जरा, सार अजून उकळायचंय." सार उकळून उकळून आटायला आलेलं त्यालाही दिसत असतं. पण तोही आमच्या या क्वी न्होन गावचाच, त्याला समजतं. तो निमूट बसून राहतो आणि दुसऱ्या कुणाच्या हातून भवानी होईपर्यंत दात कोरतो.

माझं दुकान म्हणजे बंदरामागच्या फुटपाथवर मांडलेल्या बुटक्या खुर्च्या, कोळशाची शेगडी आणि एक मोठा टोप. माशाच्या डोक्यांचं आणि काट्यांचं सार, त्यात तांदळाच्या शेवया, वर माशाच्या वड्या, काही उकडलेल्या, काही तळलेल्या, आणि सोबत बारीक चिरलेलं केळफूल. वड्यांचा मासा माझा नवरा हाओ कुटतो. देवाने त्याला दंड दिले, तोंड द्यायचं राहून गेलं, ते माझ्याकडे जास्तीचं आलं. शेजारी थॉम कोळंबीची घावनं घालते. तिचं तोंड माझ्याहून मोठं, म्हणून गल्लीत मी गरीब गाय समजली जाते.

भवानी बिघडली की दिवस बिघडला, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलो. सकाळी सकाळी एखादी बाई आली, भाव विचारला, वड्या चिवडल्या आणि नाक मुरडून निघून गेली, की तिची पाठ वळताच मी कागदाचा तुकडा पेटवते आणि टोपावरून, शेगडीवरून, खुर्च्यांवरून ओवाळते. थॉम कागदाबरोबर शिव्याही ओवाळते. घासाघीस करणारा, चेहरा पाडून बसणारा, घरात मयतीचं सुतक असलेला, अशा माणसाने पहिलं गिऱ्हाईक व्हायचं नाही. आणि तो होतही नाही. कुणाला सांगावं लागत नाही.

आणि आमच्याकडे खिएमदादा होते. त्यांचा पाय हलका. ते ज्या दुकानात पहिले बसत तिथला टोप दुपारी खडखडीत रिकामा. कधीपासून, कसं, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, हे विचारू नका. देवाचा जन्मदाखला कुणी मागतं का? सगळी उमर दर्यावर गेली, गुडघे गेल्यावर बोटीवरून उतरले आणि धक्क्यावर जाळी सांधत बसू लागले. पण पहाटे अंघोळ करून, केसांना पाणी लावून, इस्त्रीचा सदरा घालून असे यायचे, जसा काही लग्नात मुलाचा बाप. भाव विचारायचा नाही, अर्धा वाडगा खायचा, "झकास" म्हणायचं, कोरी नोट ठेवायची आणि उठायचं. सार खारट झालं असेल त्या दिवशीही झकासच.

त्यांच्यावरून माझं आणि थॉमचं एकदा असं वाजलं की वर्षभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही, आणि शेगड्या तर हातभर अंतरावर. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. "मला पाय दोन आहेत," म्हणाले, "एकेकीला एकेक घ्या. पण भांडू नका, माझी भूक मरते."

त्यांचा एकुलता एक मुलगा लुआन टूना धरायला खोल पाण्यात जाणाऱ्या बोटीवर होता. त्या वर्षी ईशान्येचा वारा लवकर सुरू झाला आणि मागून वादळ घेऊन आला. बोटी परतल्या. कुणाच्या काचा फुटलेल्या, कुणाचं टप उडालेलं, पण परतल्या. लुआनची आली नाही. सोबतच्या बोटीने वायरलेसवर त्यांचं शेवटचं ऐकलं ते एवढंच, की पाणी उपसायचा पंप चालू आहे, नंतर बोलतो.

धक्क्यावर बायका उभ्या राहिल्या. देवमाशाच्या देवळात नवस बोलून झाले. सरकारी बोट शोधून आली. मग परतणाऱ्या एका बोटीला पाण्यात गोल टोपली-होडी सापडली, बांबूची, डांबर लावलेली, वर लुआनच्या बोटीचा नंबर रंगवलेला. पालथी तरंगत होती. त्यांनी ती धक्क्यावर आणून ठेवली आणि सगळे बाजूला झाले. खिएमदादांनी एकट्याने ती सुलटी केली, आतून हात फिरवला आणि म्हणाले, "दोर तुटला असेल. टोपल्या काय, वाहून जातातच."

त्या दिवशी गल्लीने मनातल्या मनात काय ते समजून घेतलं. मीही घेतलं. बोटीवरच्या बाकीच्यांच्या घरी कपाळाला सुतकाचे पांढरे पट्टे बांधले गेले. खिएमदादांच्या घरी नाही.

दुसऱ्या दिवशी थॉमची पाळी होती. आम्हाला वाटलं, ते येणार नाहीत. ते आले. केस ओले, सदरा इस्त्रीचा. थॉमने त्यांना गल्लीच्या तोंडाशी पाहिलं आणि घाईघाईने शेगडीवरचे तवे उतरवले.

"दादा, आज कोळसे ओले आहेत हो," ती म्हणाली. "पेटतच नाहीयेत मेले."

कोळसे लालभडक फुललेले. त्यांच्या उजेडात तिचं तोंड दिसत होतं. खिएमदादा त्या निखाऱ्यांकडे बघत उभे राहिले.

"हो," ते म्हणाले. "ओलेच दिसतायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, इकडे या!" मी ओरडले. "माझे कोळसे कोरडे आहेत."

"दिएपे, आज तुझा दिवस नाहीये," थॉम म्हणाली.

"तुझा होता ना? तू पाण्यात घातलास."

"अगं, तुझ्या भल्याचं सांगतेय. ज्याच्या घरात..."

"कुणाच्या घरात? पांढरा पट्टा दाखव मला, मग बोल! नाहीतर तुझी घावनं उलट, तोंड नको उलटू."

मी त्यांना बसवलं. वाडगा भरून पुढे ठेवला. मी काही मोठ्या मनाची बाई नाही. जन्मभर कागद पेटवत आले, मला का भीती वाटणार नाही? पण त्या ओल्या केसांच्या माणसाला परत पाठवायचं, इतकी मी अजून मेलेली नव्हते.

त्यांनी नेहमीसारखा अर्धा वाडगा खाल्ला आणि खायच्या दोन्ही काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"दिएप, तिला वाटतं माझ्या घरात मयत झालीये."

"तिच्या डोक्यात नारळाचं पाणी आहे. तुम्ही लक्ष देऊ नका."

"नाही, तिचं बरोबर आहे. मयत झाली असेल तर माझा पाय जड झाला असणार. आणि पाय हलका असेल तर मयत झालेली नाही." ते पुढे वाकले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं, पण आवाज असा, जसा एखादा जाळ्याचा व्यवहार सांगावा. "दुपारी मी येईन. टोप रिकामा असला तर माझा लुआन कुठंतरी आहे. भरलेला असला तर नाही. वायरलेसवाल्याला कळत नाही, सरकारला कळत नाही. पायाला कळतं."

"दादा, असं नसतं हो."

"मग कसं असतं?"

तीस-चाळीस खुर्च्यांवरून जळता कागद ओवाळणारी बाई मी. कुठल्या तोंडाने सांगू की हे सगळं खूळ आहे?

"आणि खोटं बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्या नवऱ्याची शपथ."

"नवऱ्याची शपथ नका घालू. तोच एक फुकटचा गडी आहे माझ्याकडे."

ते हसले. अगदी थोडंसं, पण हसले.

त्या दिवशी टोप खरंच रिकामा झाला. का होणार नाही? थॉमने कोळसे ओले केल्याची बातमी बंदरभर झाली होती, जो तो बघायला आला, आणि बघायला आलेला उपाशी थोडाच परत जातो! दुपारी खिएमदादा आले, टोपात वाकले आणि पळीने बूड खरवडून पाहिलं. तो खरखर आवाज ऐकून त्यांनी जो श्वास सोडला, तो मला खुर्च्यांच्या पलीकडे ऐकू आला. घरी जाऊन त्यांनी सुनेला लुआनची चादर उन्हात टाकायला सांगितली.

मग ते रोज माझ्याकडेच येऊ लागले. थॉम मान खाली घालून पीठ ढवळायची.

पण वारा थांबेना. दर्या खवळलेला, बंदर बंद. बोटी नाहीत म्हणजे हमाल नाहीत, बर्फवाले नाहीत, मासे निवडणाऱ्या बायका नाहीत, म्हणजे माझं गिऱ्हाईकच नाही. पावसात भिजत कोण येणार शेवया खायला? हे कळायला काही पायगुण लागत नाही. एका दुपारी वेळ होत आली आणि टोप अर्ध्याहून जास्त भरलेला. मी टोपाकडे बघतेय, हाओ माझ्याकडे बघतोय, आणि गल्लीच्या टोकाला खिएमदादांची छत्री.

"बादली आण," मी म्हटलं.

हाओने एकही प्रश्न विचारला नाही. न बोलणाऱ्या नवऱ्याचा हा एक फायदा. सार बादलीत ओतलं, त्यावर गोणपाट टाकलं, शेवया पातेल्यात कोंबल्या. वड्या तेवढ्या उरल्या, परातभर.

"काय चाललंय काय?" थॉम ओरडली. "अन्न गोणपाटाखाली घालताय?"

"तोंड मिट आणि तुझी बर्फाची पेटी उघड."

तिने छत्रीकडे पाहिलं, मग रिकाम्या टोपाकडे. तिला कळलं. दोनदा सांगावं लागत नाही, एवढं मी तिच्याबद्दल म्हणेन. तिने पेटी उघडली, कोळंबी बाजूला सारली आणि माझी परात आत ढकलून वर स्वतःच बसली. खिएमदादांनी टोपात डोकावून बूड खरवडलं तेव्हा ती पेटीवर बसून, त्यांच्याकडे पाठ करून, पावसाला शिव्या देत होती.

ते गेल्यावर म्हणाली, "मला तीन वाडगे बांधून दे. घरी सगळे घावनं खाऊन कंटाळलेत."

"घरी कोण सगळे? तू आणि तुझी बोळकी सासू."

"सासूला आवडतात शेवया. चावाव्या लागत नाहीत. तुला विकायचंय की नाही?"

पुढे रोजच असं सुरू झालं. सकाळी टोप काठोकाठ भरायचा, कारण पहाटे ते बघणार. लहान टोप ठेवला तर विचारतील, लहान का? माझा पाय जड झाला म्हणून? म्हणून भरायचा, आणि दुपारच्या आत जमेल तसा रिकामा करायचा. बोटी बंद, मासा सोन्याच्या भावाने, आणि आम्ही तो कुटून, उकडून, तळून लपवत होतो. थॉम आपलं गिऱ्हाईक माझ्याकडे हाकलायची. "माझं पीठ आंबलंय, तिकडे जा, शेवया खा," असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं. तरी उरायचंच. उरलेलं बादलीतून डुकरं पाळणाऱ्या बाईकडे जायचं. घरी आम्ही तिन्ही त्रिकाळ शेवया खात होतो. एकदा जेवताना हाओ चक्क बोलला, "एवढा मासा खाल्ला, आता मला पोहता येईल."

मी हसले आणि मग ताटावरच रडले. कारण दिवस उलटत होते आणि खिएमदादा वाळत चालले होते. सदरा अंगावर लोंबत होता. जाळी सांधायला बसले की सुई हातात तशीच राहायची. दिवसातून एकदाच त्यांच्यात जीव यायचा, दुपारी, माझ्या रिकाम्या टोपात वाकल्यावर. मला वाटायचं, हा माणूस माझ्या टोपाच्या बुडावर जगतोय आणि ते बूड मी रोज खोटं घासून ठेवतेय. मन खायचं. पण थांबणार कशी? एखादा माणूस दोराला लोंबकळत असला तर दोर कुजका आहे म्हणून आपण कापतो का?

मग एका दुपारी क्वेन आली, त्यांची सून. वारा पडायला लागला होता आणि कोळंबी सोलायच्या शेडमध्ये पुन्हा काम मिळत होतं. ती पायात रबरी बूट घालून तशीच आली, माझ्याशेजारी बसली आणि न विचारता वाडगे धुवायला लागली. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"मावशी," ती म्हणाली, "उद्या टोप भरलेला राहू द्या."

"काय बोलतेस?"

"मला माहितीये सगळं. डुकरंवाली माझ्या आत्याची जाऊ लागते."

ती वाडगे घासत राहिली.

"तो रोज येतो. डोळा लागला की येतो. दारात उभा राहतो, ओलाचिंब. आत ये म्हटलं तर येत नाही. एवढंच म्हणतो, क्वेन, भूक लागलीये." तिने वाडगा पालथा घातला, पुढचा घेतला. "बाकीच्यांच्या घरी भटजी येऊन गेला. प्रेतं नाहीत म्हणून मातीची माणसं केली, समुद्रावर जाऊन नाव घेऊन हाका मारल्या, थडगी बांधली. त्यांना रोज ताट मिळतं. माझ्याच नवऱ्याला नाही. मी वाढायला जाते तर बाबा हात धरतात. म्हणतात, जिवंत माणसाचं ताट पितरांपुढे ठेवलंस तर तो मरेल. म्हणतात, दिएपचा टोप रिकामा आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय."

"पोरी, त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय गं?"

"आणि त्याच्याकडे?"

मला राग आला. तिचाच आला, दुसरा कुणी समोर नव्हता. "तुला घाई झालीये पांढरा पट्टा बांधायची? म्हातारा मरेल त्या धक्क्याने!"

तिने हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते केव्हाच संपलं असावं.

"तुम्ही सगळी गल्ली मिळून एका माणसाला सांभाळताय," ती म्हणाली. "दुसरा तिकडे थंड पाण्यात उपाशी आहे. तो माझा आहे, मावशी. मला त्याला जेवू घालू द्या."

ती गेल्यावर मी हाओपाशी जाऊन उभी राहिले. तो मासा कुटत होता. "काय करू?" मी विचारलं. तो बराच वेळ कुटत राहिला, मासा पीठ होऊन गेला तरी.

"उद्या मी बादली आणत नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खिएमदादा नेहमीसारखे आले. अर्धा वाडगा, झकास, नोट. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. सकाळ सरली. सरळ सांगते, मी मनातून देवाची करुणा भाकत होते, की आज खरंच गिऱ्हाईक पाठव, आज खरंच संपू दे, मग मला काहीच करावं लागणार नाही. शेडवरच्या काही बायका आल्या, दोन ट्रकवाले आले. बस. दुपार होत आली तेव्हा सार टोपाच्या कड्यांपर्यंत उभं होतं.

थॉम धावत आली. "दिएपे, बादली कुठाय? ते निघालेत धक्क्यावरून!"

"आज बादली नाही."

"येड लागलं का तुला?" तिने पळी उचलली, पहिलं दिसलं त्या भांड्यात सार ओतायला लागली. मी तिचं मनगट धरलं. तिने हिसडा दिला, मी सोडलं नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या टोपावर झोंबत होतो आणि गरम सार आमच्या हातांवर सांडत होतं.

"क्वेन आली होती," मी म्हटलं. "लुआन तिच्या स्वप्नात येतो. भूक लागली म्हणतो."

थॉमचा हात ढिला पडला. ती फुटपाथच्या कडेला मटकन बसली.

खिएमदादा आले. त्यांनी छत्री मिटली, झाकण उचललं आणि आत पाहिलं. पळी त्यांनी घेतली नाही. खरवडायला बूड दिसतच नव्हतं. मी काहीतरी बोलणार होते, पाऊस, बंदर, कमी माणसं, काहीतरी. पण ते बुटक्या खुर्चीवर बसले.

"एक वाडगा दे."

"दादा..."

"दुपार झाली नाहीये अजून. दे."

मी दिला. त्यांनी तो पूर्ण संपवला. जन्मात अर्ध्यावर काड्या ठेवणारा माणूस, त्याने तळचं सारही पिऊन टाकलं आणि वाडगा पुढे केला. दुसरा दिला. तिसरा दिला. ते चावत नव्हते, नुसतं आत लोटत होते, आणि डोळे टोपावर. सार हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होतं.

"दादा, पुरे करा. पोट फुटेल."

"मी गिऱ्हाईक नाही का?" त्यांनी खिशात होत्या तेवढ्या नोटा खुर्चीवर टाकल्या, चुरगळलेल्या, ओल्या. "विकायला बसलीयेस ना? मग वीक! वीक मला!"

त्यांना ओरडताना गल्लीने कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. चौथ्या वाडग्याला त्यांच्या पोटातून सगळं उलटून वर आलं. ते गटाराकडे वळले, ओकले, इस्त्रीच्या बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा हात पुढे केला.

थॉम उठली. ती ढसाढसा रडत होती आणि शिव्याही देत होती, मला, पावसाला, दर्याला. तिने स्वतःच वाडगा भरून घेतला आणि त्यांच्या शेजारी बसून खायला लागली. मग हाओ बसला. ज्याला शेवयांचा वास नकोसा झाला होता, तोही मान खाली घालून खायला लागला. मी वाढत राहिले. काय करणार? पण टोप मोठा असतो हो. रोज गिऱ्हाइकांच्या हातून तो कधी संपतो ते कळत नाही, आणि तीन माणसांनी जिवाच्या आकांताने संपवायचा म्हटला तर सार बोटभरही खाली जात नाही. थॉमला उचकी लागली. खिएमदादांच्या काड्यांत शेवई धरेना, ते बोटांनी खायला लागले.

तेवढ्यात क्वेन आली. कुणीतरी तिला शेडमधून बोलावून आणलं असणार. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"थोडंच राहिलंय, क्वेन," ते तिला म्हणाले. लहान मुलाने विनवावं तसा आवाज होता. "तू पण बस. तू दोन वाडगे खाल्लेस, मी अजून दोन, की होईल. होईल बघ."

तिने त्यांच्या हातातून वाडगा हलकेच काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला. मग त्यांची चिकट बोटं आपल्या सदऱ्याच्या टोकाने एकेक करून पुसली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यालाही भूक लागलीये."

ते टोपाकडे बघत राहिले. वाफ येत होती. थॉम उचकी दाबून बसली होती. मला वाटलं, आता हे कोसळतील. ते कोसळले नाहीत. त्यांनी गुडघ्यांवर हात रोवले, पहिल्यांदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदा क्वेनचा खांदा धरून उठले. सदरा खाली ओढून नीट केला.

"दिएप, एक बांधून दे."

"अजून? दादा, नका हो..."

"घरी न्यायचाय."

मी डबा घेतला. शेवया घातल्या, चांगल्या तळलेल्या वड्या शोधून घातल्या, वरून सार ओतलं. सवयीने माझा हात मिरचीच्या बरणीकडे गेला.

"मिरची नको," खिएमदादा म्हणाले. "लुआन मिरची खात नाही."